चीर गेलेला टाळ

रागिणीची सोयरीक जुळवली ती जमुनाबाईंनी, आणि मोडली ती रक्ताच्या एका थेंबाने.

रागिणी म्हणजे त्यांच्या भावाची, सूर्यभानची, थोरली लेक. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापड कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. कंपनीत रक्ततपासणीचं शिबिर झालं. सगळ्या पोरींसारखं तिनेही बोट पुढे केलं, पुढची मोठी तपासणीही करून घेतली, आणि ती सिकलसेलची 'वाहक' निघाली. तब्येत ठणठणीत, जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढणारी पोर. पण पोटात काही ठेवणं तिला जमत नाही. साक्षगंध तोंडावर आलेलं, तरी तिने होणाऱ्या नवऱ्याला, प्रीतमला, फोन करून सगळं सांगून टाकलं. प्रीतमने आईला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईचा, पार्बताबाईंचा, निरोप आला की रक्तात खोट असलेली पोर आमच्या घरात नको.

सूर्यभान खचला. गावात वाच्यता नको, दुसरं स्थळ पाहू आणि या वेळी पोट्टीने तोंड बंद ठेवावं, असं तो म्हणू लागला. रागिणी सुटी टाकून घरी आली आणि जेवायला बसली की ताटात बोटं फिरवत राहू लागली. प्रीतम तिला मनापासून आवडला होता, हे आत्याच्या नजरेतून सुटलं नाही.

जमुनाबाई कीर्तनकार. अकोट तालुक्यात त्यांच्या गळ्याची कीर्ती होती, आणि जिभेचा धाकही होता. पण बाईंचा एक नेम होता : देवापुढे उभं राहून जे सांगायचं ते आधी आपल्याला उमजलं पाहिजे. न कळलेला एक चरणही त्यांनी कधी लोकांपुढे ठेवला नव्हता. म्हणून त्या भांडायला अमरावतीला प्रीतमच्या घरी गेल्या नाहीत. त्यांनी अकोल्याची एसटी धरली. निघताना भावाला एवढंच म्हणाल्या, "खोट हाय म्हंतात. हाय का नाई, ते आधी मले पाहू दे."

अकोल्यात प्रियदर्शनी राहत होती, त्यांच्याच गावची, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी. तिची आई भागीरथा आणि जमुनाबाई एका बाकावर बसून शिकलेल्या, त्यामुळे घरात शिरताना बाईंना कधी हाक द्यावी लागली नाही. प्रियदर्शनीला वाटलं, मावशी दोन शब्दांत ऐकून जातील. मावशींनी चष्मा पुसला, मांडी घातली आणि म्हणाल्या, "मुळापासून सांग. मले घाई नाई."

मग प्रियदर्शनीने मुळापासून सुरुवात केली. शरीर पेशींचं, पेशीत गुणसूत्रं, गुणसूत्रात डीएनएची गुंडाळलेली लांबच लांब दोरी. दोरीला दोन पदर, आणि त्यांवर चारच अक्षरं : ए, टी, जी, सी. ए समोर टी उभा राहणार, जी समोर सी. दुसरी जोडी जमायची नाही. जमुनाबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मग विचारलं, हे कीर्तनातल्या टाळकऱ्यांसारखं झालं का? दोन रांगा, तोंडासमोर तोंड, ज्याचा जोडीदार त्यालाच ठरलेला. प्रियदर्शनी हसली. म्हणाली, तसंच समजा. आणि पेशीची दुसरी पेशी व्हायची वेळ आली की या रांगा सुट्या होतात, प्रत्येक रांग आपल्यासमोर नवे जोडीदार उभे करून घेते. एका फडाचे दोन फड, हुबेहूब सारखे. जीवसृष्टीच्या आरंभापासून हा गजर असाच चालत आला, हे ऐकून बाईंनी नकळत हात जोडले.

पण हात जोडून भागणारं नव्हतं. त्या दर आठवड्याला येत राहिल्या. कळलं नाही की तसं सरळ सांगायच्या. एकदा तर प्रियदर्शनी कंटाळून म्हणाली, मावशी, एवढं परीक्षेलाही कोणी विचारत नाही. मावशी म्हणाल्या, "तुह्या परीक्षेत नापास झालं तं पोट्टं पुन्हा बसते. माह्या परीक्षेत पोट्टीचा जलम हाय."

हळूहळू चित्र उभं राहिलं. रक्ताचा लाल रंग ज्या द्रव्याने येतो ते घडवायची आज्ञा डीएनएत लिहिलेली असते. त्या आज्ञेत एका ठिकाणी एकच अक्षर बदललं, की गोल गरगरीत पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नळ्यांत अडकते आणि माणूस कळवळतो. मात्र प्रत्येकाजवळ ही आज्ञा दोनदा असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडलेली आणि एक धड असेल तर धड आज्ञेवर काम भागतं. त्याला म्हणायचं वाहक. दोन्ही बिघडल्या तरच आजार.

तो आजार पाहायला बाईंना लांब जावं लागलं नाही. प्रियदर्शनीचा धाकटा भाऊ अनुप आतल्या खोलीत गरम पाण्याची पिशवी गुडघ्याला लावून पडला होता. थंडी पडली की त्याची हाडं ठणकत. रोजची गोळी, मधूनच दवाखाना, आणि बरं असलं की मोबाइल दुरुस्तीचं दुकान. जमुनाबाई त्याच्याजवळ बसल्या. त्याने हसतच विचारलं, "काय मावशी, माह्यावर कीर्तन बसवून राहिल्या काय?" मग तो गंभीर झाला. "बसवा. पण माणूस वाईट हाय असं नका सांगू. दुखणं वाईट हाय, एवढंच सांगा."

त्या दिवशी परतताना बाईंच्या मनाने हिशेब मांडला आणि त्यांना हायसं वाटलं. रागिणीजवळ एक आज्ञा बिघडलेली. प्रीतमजवळ दोन्ही धड असतील तर लेकरं एक तर धड होतील, नाही तर आईसारखी वाहक. आजारी एकही नाही. म्हणजे पार्बताबाईंनी उगाचच सोयरीक मोडली. पुढच्या खेपेला त्यांनी हे प्रियदर्शनीला सांगितलं, तेव्हा तिने मान डोलावली आणि शांतपणे विचारलं, "असतील तर, मावशी. त्याची तपासणी झाली का?"

आता मात्र बाई अमरावतीला गेल्या. पार्बताबाईंनी चहा दिला, पण तपासणीचं नाव काढताच त्यांचा पारा चढला. मुलीकडचे मुलाचं रक्त मागतात, हे कोणत्या गावचं वळण? माझा पोरगा तालमीत घुमणारा, त्याला काय झालं? जमुनाबाई ऐकून घेऊन परतल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा ऐकून घेतलं. पाण्याच्या धारेनेही दगड झिजतो, मग माणसाचं काय. शेवटी दारात उभा असलेला प्रीतमच म्हणाला, "आई, तिनं बोट टोचून घेतलं तवा ती वाईट झाली. मी टोचलंच नाई म्हणून चांगला झालो काय?" आणि तो जाऊन तपासून आला.

तोही वाहक निघाला.

जमुनाबाईंनी ते फोनवर ऐकलं. ज्या धाग्याने सोयरीक पुन्हा बांधायची होती तोच तुटला होता. त्या देवघरात जाऊन बसल्या. काही मागितलं नाही; मागण्यासारखं काही सुचेना.

खरी गंमत पुढे झाली. रविवारी पार्बताबाई स्वतः पेढ्यांचा डबा घेऊन सूर्यभानच्या दारात हजर. मागे प्रीतम, खाली मान घालून. पार्बताबाई मात्र उजळलेल्या चेहऱ्याने जमुनाबाईंना म्हणाल्या, "इहीनबाई, झालं गेलं गंगेले मिळालं. आता दोघंबी सारखेच. ना तुमी आमाले बोला, ना आमी तुमाले. साक्षगंधाची तारीख काढा."

सूर्यभानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने लगेच कोणाला तरी पेढे वाटायला हाक मारली. रागिणी स्वयंपाकघराच्या दारात आली, तिने प्रीतमकडे पाहिलं आणि तिच्या ओठांवर कितीतरी दिवसांनी हसू उमटलं. जमुनाबाईंना मात्र उलटंच दिसत होतं. जेव्हा भीती आहे की नाही हे ठाऊकही नव्हतं, तेव्हा या लोकांनी नाही म्हटलं. आता खरी भीती उभी राहिली, तर पेढे घेऊन आले. गप्प बसलं तर घर आनंदाने भरत होतं. ते थांबवायला एक शब्द पुरे होता, आणि तो त्यांच्याच जिभेवर होता.

"पेढे थांबव, दादा," त्या म्हणाल्या.

त्या देवळात गेल्या आणि टाळांच्या पेटीतून चार सुट्या वाट्या घेऊन आल्या, दोन धड, दोन चीर गेलेल्या. एक धड आणि एक चिरलेली वाटी एका पिशवीत टाकून ती रागिणीची म्हणाल्या. तशीच दुसरी पिशवी प्रीतमची. आधी धड आणि चिरलेली वाटी एकमेकींवर वाजवून दाखवली. आवाज जरा दबका, पण भजनाला चालेल असा. "हे दोघं असे हायत. यायचं काहीच अडत नाई. आता लेकराले आईकडून एक वाटी येते, बापाकडून एक. पार्बताबाई, न पाहता काढा."

पार्बताबाईंनी हसत दोन्ही पिशव्यांत हात घातला. दोन्ही धड वाट्या निघाल्या, ठणठणीत वाजल्या. त्यांनी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. वाट्या परत पिशव्यांत गेल्या. दुसऱ्यांदा एक धड, एक चिरलेली. तिसऱ्यांदा दोन्ही चिरलेल्या आल्या आणि नुसता बद्द आवाज झाला, जसा फुटक्या मडक्याचा. जमुनाबाई हळूच म्हणाल्या, भागीरथाचा अनुप असा आहे. पोरगा लाखाचा आहे, पण त्याला किती दुखतं ते मी त्याच्या उशाशी बसून पाहिलं.

"चारात एखादी येळ असं येत असन," पार्बताबाई अजून हरल्या नव्हत्या. "मंग दोनच लेकरं होऊ द्या."

"मीबी प्रियदर्शनीले हेच म्हटलं होतं," जमुनाबाई म्हणाल्या. "पण पिशवीले मागचं आठवत नाई. दर लेकराच्या येळी हात नव्यानंच जाते. काढा आणखी."

पार्बताबाईंनी काढलं. पुन्हा बद्द. मग त्यांनी पिशव्या मांडीवरून खाली ठेवल्या.

जमुनाबाईंनी पुढचंही लपवलं नाही. लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही, दिवस गेल्यावर बाळाचीही तपासणी होते, मोठे डॉक्टर सल्ला देतात. पण त्या तपासणीनंतर जे ठरवावं लागतं ते बाईच्या जिवाला फार जड. ते ओझं उचलायचं की नाही, हे या दोघांनीच सांगावं. आत्याने नाही, आईनेही नाही.

दोघं अंगणात लिंबाखाली जाऊन बोलत राहिली. आत कोणी पेढ्याला हात लावला नाही. परत आली तेव्हा रागिणीचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. "आत्या, माहीत नसतं तं गोष्ट येगळी होती. आता माहीत असून डोळे मिटून लेकरासाठी चिठ्ठी काढायची, हे मले नाई जमत. त्यालेबी नाई जमत."

प्रीतमने मान डोलावली. म्हणाला, यापुढे जिथे जाईन तिथे पहिल्याच भेटीत हे सांगीन.

"मंग माह्या पोराले पोरगी देईन कोन?" पार्बताबाईंचा बांध फुटला. जमुनाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. जिचं रक्त तपासलेलं आणि धड आहे अशी पोरगी मीच शोधीन, म्हणाल्या, आणि माझ्या रागिणीसाठी तसाच पोरगा तुम्ही शोधा. कीर्तनाच्या निमित्ताने मी चाळीस गावं हिंडते. या वर्षी प्रत्येक गावात या पिशव्या काढणार आहे, कोणाला आवडो न आवडो.

पार्बताबाई डोळे पुसून उठल्या. चपलेत पाय घातले, दोन पावलं गेल्या आणि थबकल्या. घरी त्यांची धाकटी लेक प्रणाली होती, तिच्यासाठीही स्थळं यायला लागली होती. त्या वळल्या, पण जमुनाबाईंकडे नाही, रागिणीकडे.

"बाई, ते बोट टोचतात तवा लई दुखते काय?"

"नाई, मावशी," रागिणी म्हणाली. "मुंगी चावल्यावानी. प्रणालीले सुटीच्या दिवशी माह्याकडं धाडून द्या. मी जाईन तिच्यासंग."