तिसऱ्या उन्हाळ्याची ओल

बाईंनी एका हाताने नाकावर रुमाल दाबला आणि दुसऱ्या हाताने अतिथिगृहाची खिडकी ओढून पाहिली. काच अर्ध्यावर येऊन अडकली. उरलेल्या अर्ध्यातून ओल्या कोंबडीखताचा आंबट, डोळ्यांत चुरचुरणारा वास आत येतच राहिला. कपाटातल्या टॉवेलला तोच वास, उशीच्या अभ्र्याला तोच. बेसिनमध्ये कुणाचा तरी लांब केस चिकटलेला होता. त्यांनी तोंड न धुताच नळ बंद केला.

तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या संशोधनासाठी त्या ह्याच गावात येत असत. तेव्हाच त्यांनी कानाला खडा लावला होता की पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही. पण ह्या विद्यापीठात प्रबंधाची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक लागतो, आणि विषय खताचा म्हटल्यावर दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही.

न्यायला उमेदवाराचे मार्गदर्शक स्वतः आले. एकेकाळी ते बाईंना दोन वर्षांनी कनिष्ठ होते, म्हणून अजूनही ताई म्हणत. त्यांचा हात घामाने ओला होता आणि तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

"ताई, वास येतोय का? आम्हाला तर कळतही नाही आता."

गाव म्हणजे एक रस्ता. एका टोकाला विद्यापीठाचं फाटक, दुसऱ्या टोकाला धान्याची कोठारं, आणि मधे झेरॉक्सची पाच दुकानं. दुकानांच्या दर्शनी काचेत सोनेरी अक्षरांचे काळे प्रबंध लग्नाच्या कपड्यांसारखे मांडलेले. ट्रॅक्टरमधून सांडलेलं खत रस्त्यावर चाकांखाली चेपून सपाट झालं होतं आणि विद्यार्थी त्यावरून खात-पीत चालले होते. मार्गदर्शक वाटभर बाईंना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते. खत आणि ओलीचा बाईंचा तक्ता पाहिल्याशिवाय ह्या भागातला शेतकरी शेतात खत टाकत नाही, अभ्यासक्रमात तोच तक्ता आहे, भिंतीवरही तोच लावला आहे. बाईंना त्या बोलण्याचीही शिसारी आली. चिखल चुकवायला खाली बघावं लागत होतं, एवढंच बरं होतं.

उमेदवार चाळिशीचे होते. जवळच्या शेतकी शाळेत शिकवत असल्याने सगळे त्यांना मास्तर म्हणत. वर्षअखेर पदवी हाती आली नाही तर त्यांची नोकरी जाणार होती, हे मार्गदर्शकांनी दोनदा सांगून झालं होतं. प्रबंधाचा विषय बाईंचाच: कोंबडीखत घातलेल्या मातीत ओल किती टिकते. तीन उन्हाळे, रोज सकाळी मातीचे नमुने, वजन करायचं, ओव्हनमध्ये वाळवायचं, पुन्हा वजन करायचं.

प्रबंध बाईंनी नीट वाचला होता. तिसऱ्या उन्हाळ्याचे मास्तरांचे आकडे बाईंच्या जुन्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होते, आणि म्हणूनच ते खोटे होते. हे जगात फक्त बाईंना ठाऊक होतं. कारण त्या तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी काही मोजलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी बांधावर भडाभडा ओकून त्यांनी संध्याकाळची गाडी पकडली होती. घरी जेवणाच्या टेबलावर बसून, आधीच्या वर्षाच्या आकड्यांत थोडी थोडी भर घालत, साठ दिवस भरून काढले होते. खत घालत राहिलं की तिसऱ्या वर्षीही ओल वाढतच जाते, हा शोध त्या टेबलावर लागला होता. ह्या गोष्टीची बाईंना कधीकाळी लाज वाटली असेल. आज मात्र त्यांना किळस आली होती ती मास्तरांची. फुकटच्या आकड्यांवर पदवी घ्यायला निघालेला माणूस, असं त्या मनात म्हणत होत्या, आणि म्हणताना त्यांना काही खटकत नव्हतं.

परीक्षेच्या खोलीत कोपऱ्यात केकचा खोका आधीच आणून ठेवला होता. मागच्या बाकावर मास्तरांची बायको आणि थोरली बहीण बसली होती. इथे परीक्षा म्हणजे तोंडदेखला प्रकार हे उघडच होतं. दोन सोपे प्रश्न, टाळ्या, केक. बाईंनी सोपे प्रश्न बाजूला ठेवले.

"तिसऱ्या उन्हाळ्याचे आकडे कुठून आणले?"

मार्गदर्शक हसले आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवू लागले. मास्तरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे बहिणीकडे.

"मोजले होते, मॅडम. पण ते चुकले."

"चुकले हे कशावरून?"

"तुमच्याशी जुळले नाहीत."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर सांगत गेले. आपलाच हात चुकला असेल म्हणून त्यांनी नवीन वाफे आखून तीन वर्षं पुन्हा सगळं केलं होतं. पुन्हा तेच आकडे आले. मग सरांनी समजावलं की मॅडमचा तक्ता साऱ्या जगाने मानलेला आहे, तेव्हा आपले आकडे दुरुस्त करून घ्यावेत. इथे सगळे असंच करतात. त्यांनीही दुरुस्त केले.

मार्गदर्शकांनी मान डोलावली. लबाडी पकडली गेली असं त्यांना वाटतच नव्हतं. उलट बाई खूश होतील अशीच त्यांची समजूत दिसत होती. बाईंनी चहासाठी परीक्षा थांबवली आणि मास्तरांना मूळ वह्या घेऊन यायला सांगितलं.

शेजारची खोली ओव्हनची. वह्यांच्या पानांना कोंबडीखताचा वास होता, कडा तपकिरी झाल्या होत्या. बाईंनी रुमाल काढला आणि मास्तरांसमोर नाकाला लावता येईना म्हणून पुन्हा ठेवून दिला. पानं उलटत गेल्या. सहा वर्षं, एकही दिवस सुटलेला नाही. दोन्ही खेपांना तिसऱ्या उन्हाळ्यात ओल रोज थोडी थोडी कमी होत होती. माती वरून कडक होत होती, खारट होत होती. समासात बारीक अक्षरात शेरे होते. आज वारा उलटा. आज अक्काला दोनदा उलटी, तरी सगळे नमुने घेतले.

"अक्का म्हणजे?"

"माझी बहीण. माती तीच काढायची, वजन मी करायचो."

बाईंनी वही मिटली. 

"तुमचे आकडे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "प्रबंधात तेच घाला. मी मान्यता देते. माझे चुकीचे आहेत."

मास्तर खुर्चीवरून अर्धवट उठले आणि परत बसले. डोळे भरून आले होते. शर्टाच्या बाहीने ते पुसून त्यांनी पेन काढलं. माणूस कामाचा होता, लगेच कामाचंच विचारलं.

"मग तुमचे कशामुळे वेगळे आले असतील? कारण द्यावं लागेल, मॅडम."

"ओव्हन बिघडला असेल तेव्हा."

मास्तरांनी दोन शब्द लिहिले आणि थांबले.

"ओव्हन बिघडला की आकडे वेडेवाकडे येतात. तुमचे फारच सरळ आहेत. एकाही दिवशी..."

 त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. खोलीत दोघंच होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि मास्तर त्याची वाटही पाहत होते. बाई टेबलाच्या कडेवर नख घासत राहिल्या.

"ओव्हनच असेल," मास्तर हळूच म्हणाले आणि वळणदार अक्षरात त्यांनी वाक्य पुरं केलं. वही बाईंपुढे सरकवली. "इथे सही लागेल."

बाईंनी सही केली. मास्तर वह्या उचलून बाहेर गेले. दार नुसतंच लोटलेलं होतं. आपले आकडे बरोबर निघाले असं ते बहिणीला सांगत होते. ते ऐकून अक्काने नाक ओढल्याचा आवाज आला, आणि तिने विचारलं, मग मॅडमचे?

"त्यांचा ओव्हन बिघडला होता."

"अरेरे," अक्का म्हणाली. "म्हणजे एवढे उन्हाळे बिचारीने त्या वासात काढले, आणि सगळं वाया."