ओठांनाही विसावा हवा

ताटातलं जेवण गार झालं, तरी चिमीची ट्रम्पेटच्या सरावातून सुटका नव्हती. "पुन्हा पहिल्यापासून," आईने फर्मावलं. आई शाळेत गणित शिकवायची. पाढ्यांसारखं ट्रम्पेटही घोटून घ्यायचं असतं, असं तिचं ठाम मत. चिमीचा ओठ सुजून टम्म झाला होता. पण बोलायची सोय नव्हती.

शाळेच्या बँडमध्ये एकटीने वाजवण्यासाठी निवड होती, त्या दिवशी तिने ट्रम्पेट ओठांना लावलं आणि नुसतीच हवा फुसफुसली. घरी येऊन तिने ट्रम्पेटची पेटी माळ्यावर टाकली. "मला वाजवायचंच नाही आता," एवढंच म्हणाली.

आई तरातरा बँडच्या मास्तरांकडे गेली. "मी रोज जिवाचं रान करून सराव करून घेते. खोट तुमच्या शिकवण्यात आहे."

मास्तरांनी आपलं ट्रम्पेट तिच्या हातात दिलं. "ओठ मिटून फुंका. मी सांगेपर्यंत थांबू नका."

ती फुंकत राहिली. गाल दुखले, ओठ थरथरले, डोळ्यांत पाणी आलं.

"अजून," मास्तर म्हणाले.

"आता नाही होत हो."

"असं म्हणायची मुभा चिमीला आहे का घरी?"

आईने ट्रम्पेट खाली ठेवलं. सुजलेला तो ओठ रोज दिसत होता, आणि आपण काय बघत होतो!

"ताई, ओठ म्हणजे स्नायूच," मास्तर समजुतीने म्हणाले. "जेवढं वाजवलं, तेवढा विसावा द्यायचा. सुरुवात हळू, लांब सुरांनी. अवघड जागा आधी गाऊन बघायची, मग तेवढीच सावकाश वाजवायची. थकल्यावर घोटलं की चूकच अंगवळणी पडते."

घरी आल्यावर आईने स्वतः पेटी खाली काढली. "चुकलं माझं, बाळा. दुखलं की थांब. मला विचारूही नकोस."

चिमी काही लगेच हसली नाही. बरेच दिवस ती पेटीकडे फिरकलीसुद्धा नाही. मग एका संध्याकाळी खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं, पाठोपाठ एक लांब सूर, आणि शांतता. 'थांबलीस का?' आईच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

पुढच्या निवडीत चिमीचा एक सूर घसरला, पण शेवटचा उंच सूर मोकळा, खणखणीत लागला. निवड दुसऱ्याच मुलीची झाली. तरी घरी येताच कुणी न सांगता तिने ट्रम्पेट बाहेर काढलं. दाराआड उभ्या आईला त्याहून मोठं बक्षीस नको होतं.

पालकहो, मुलं किती वेळ वाजवतात हे मोजण्यापेक्षा ती कशी वाजवतात हे ऐका. शिस्त हवीच, पण जिच्यापायी शिकण्याची गोडीच संपते, तिला शिस्त म्हणू नये.