मधली कॉलेजं

ओकरलंडबाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि सिग्नेकडे पाहिलं. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या त्या शाळेत बारावीच्या पोरांचे कॉलेजचे अर्ज त्याच बघत.

"सहा कॉलेजं अशी, जिथे शंभरातल्या पाचांना घेतात. आणि सातवं आपल्या गावातलं, जिथे तू झोपेत अर्ज केलास तरी घेतील. अगं, मधली कुठे गेली?"

शाळेतल्या प्रत्येकाला ही रीत पाठ होती. दोन-तीन कॉलेजं स्वप्नातली, तीन-चार आवाक्यातली, एखादं खात्रीचं. सिग्नेला तर ती नुसती पाठ नव्हती, तिने वर्गातल्या निम्म्या पोरांना ती समजावली होती.

"मधल्यांत काही आवडलं नाही," ती म्हणाली. उत्तर तयारच होतं.

"अशी निवड दोनच प्रकारची मुलं करतात. एक, स्वतःला फार मोठी समजणारी. दुसरी, ज्यांना कुठे जायचंच नसतं. पहिल्या प्रकारातली तू नाहीस." बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "मी हार्लनशी बोलते."

"बाबाला नको. प्लीज."

बाईंनी तिच्या फाइलवर घरचा नंबर शोधला. म्हणजे फोन होणार होता.

सिग्नेचा हिशेब साधा होता. वसंतात सहा नकार येतील. ती दोन दिवस तोंड पाडून बसेल, मग गावातल्याच कॉलेजात जाऊ लागेल. नकार दुसऱ्यांनी दिलेला असेल, त्यामुळे ती बाबासाठी राहिली असं कुणालाच म्हणता येणार नाही, बाबालाही नाही. गेल्या हिवाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून त्याचा उजवा हात मांडीवर पडून असे आणि शब्द जरा उशिरा येत. आई कधीच गेली होती. घरात दोघंच.

ती घरी पोचली तेव्हा हार्लन खिडकीशी बसला होता. बाहेर समुद्राएवढ्या तलावाच्या काठाने बर्फ धरायला लागला होता.

"बाईंचा फोन आला होता," तो म्हणाला.

"त्यांना दुसरा उद्योग नाही."

"आहे. तुझ्यासारखी साठ कार्टी आहेत त्यांना." तो शब्द जुळवत थांबला. "मी जन्मभर मालबोटीचं सुकाणू धरलं, सिग्ने. बोट बंदरातच ठेवायची असेल, तर तसं सांगायचं. वादळ आहे म्हणून थाप मारायची नाही."

तिने कोट काढला नाही. "मंगळवारी तू जिन्यात पडलास. मी नसते तर?"

"तर पडून राहिलो असतो. मग उठलो असतो. हळू."

"बाबा, चेष्टा नको ना."

"चेष्टा नाही. तू गेल्यावर माझं कसं होईल, मला माहीत नाही. खरंच नाही. पण माझ्यामुळे राहिलीस, तर ते मला रोज सकाळी तुझ्या तोंडावर दिसेल. राहायचं असेल तर राहा. पण मला समोर उभं राहून सांग, की तुलाच राहायचंय."

सिग्ने समोर उभी राहिली. तोंड उघडलं. वाक्य सोपं होतं, पण निघेना.

"मधलं कुठलं आवडलं होतं?" त्याने विचारलं.

"आयोवातलं एक. भूशास्त्र चांगलं आहे तिथे."

"गाडीने किती?"

"सहा-सात तास."

"म्हणजे मी शिंकलो की धावत येता येणार नाही. बरंय."

ती हसली नाही. तोही नाही.

रविवारी दुपारी ती आपल्या खोलीत आयोवातल्या कॉलेजचा अर्ज भरायला बसली. 'आमचंच कॉलेज का?' या प्रश्नाला तिने सहा मोठ्या कॉलेजांना एकच उत्तर नाव बदलून पाठवलं होतं. या वेळी तिने काठावरच्या काळ्या खडकांबद्दल लिहायला घेतलं. ते कधीकाळी वितळलेला लाव्हा होते, आणि हे कळल्यापासून तिला जमीन स्थिर कशी वाटत नाही, त्याबद्दल. बोटं थांबत नव्हती.

स्वयंपाकघरात काहीतरी मोठ्याने आदळलं.

ती ताडकन उठली.

"येऊ नकोस!" हार्लन ओरडला. "पातेलं आहे नुसतं!"

ती दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. पलीकडे काहीतरी फरफटत सरकलं. एक शिवी ऐकू आली. मग नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं आणि थांबलं.

सिग्ने परत खुर्चीत येऊन बसली. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं, आणि पुढचं लिहायला घेतलं.