गेला एकदाचा दिवा!

सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. नवऱ्याचं जहाज आज धक्क्याला लागणार होतं, आणि दिवेलागणीच्या सुमारास तो बंदराच्या गेटातून बाहेर पडणार होता. तो गेला तेव्हा त्यांची लेक जेमतेम कुशीवर वळायला शिकली होती. आता ती घरभर तुरुतुरु धावत होती, आणि हाताला लागेल ती वस्तू दिसेल त्या भोकात घालून बघत होती. बुटात चमचा सापडायचा, किटलीत मोजा. तिच्या आजीने आयुष्यभर शिवणकाम केलेलं. नात जन्मल्याबरोबर तिने नाव ठेवलं होतं टिचबटण, कारण एकदा आईला चिकटलं की सुटायचं नाव नाही. त्याचं झालं टिचू.

तो येतोय हे तर होतंच, पण खरी गंमत वेगळीच होती. आपल्याला न्यायला कोण येणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. टॅक्सी करून येईन म्हणाला होता. इकडे त्याच्या मागे, दारात धूळ खात उभ्या असलेल्या त्याच गाडीवर त्याची बायको गुपचूप ड्रायव्हिंग शिकली होती. लायसन्सही हातात आलं होतं. या कटात सासूबाई पहिल्या दिवसापासून सामील. तिचा क्लास चालू असताना मुलाचा फोन आला की त्या बिनदिक्कत सांगायच्या, "अंघोळीला गेलीय." शेवटी तो काळजीत पडला होता. "आई, ती दिवसातून किती वेळा अंघोळ करते गं?"

आणि दिव्यांचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते टिचूमुळे. टिचूला बाबा माहीत होता तो फोनमधला. हातभर अंतरावरचा, उजळलेला, गालावर बोट सरकवलं की निघून जाणारा. गाडीत छताला जे दोन पिवळट दिवे होते, त्यांच्या उजेडात माणूस कुठला आणि उशी कुठली हे कळायचं नाही. त्या अंधुकात एक दाढीवाला बाप्या शेजारी येऊन बसला तर पोरगी भोकाड पसरणार, आणि इतक्या महिन्यांनी घरी येणाऱ्या माणसाचं तोंड एवढंसं होणार. म्हणून तिने पांढऱ्या एलईडी पट्ट्या मागवल्या. एक पुढच्या दिव्यात, एक मागच्या.

दुपारी टिचू झोपून उठली तशी ती कामाला लागली. काचेची झाकणं अलगद उचकटली, जुने नळीसारखे बल्ब काढून खिशात टाकले, पट्ट्या बसवल्या आणि दार उघडलं. गाडीत दूध सांडावं तसा उजेड पडला! सीटवरचा बिस्किटाचा चुरासुद्धा दिसू लागला. टिचूने टाळ्या पिटल्या.

"अगं, हे काय ऑपरेशन करायचंय का इथे?" सासूबाई म्हणाल्या, पण खूष होत्या. मागच्या सीटचं नवं कव्हर शिवायला घेतलं होतं त्यांनी, तेवढी कडेची टीप राहिली होती. "मी इथेच बसते उजेडात. तू जा, हात धू."

ती हात धुऊन, केस विंचरून, जरा बरा कुडता घालून बाहेर आली तेव्हा दोघी पुढच्या सीटवर होत्या. टिचू स्टिअरिंगशी खेळत होती, आणि सासूबाई खाली वाकून मॅट चाचपत होत्या.

"काय शोधताय?"

"माझं अंगुस्तान गं. बोटातली पितळी टोपी. आत्ता मांडीवर होती."

"मिळेल हो. आधी उतरा, मागे जाऊन उभ्या राहा बघू. ब्रेकचे दिवे तपासायचेत."

हे तिच्या क्लासच्या मॅडमनी तिच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. गाडी हलवण्याआधी ब्रेकचा दिवा बघायचा, आणि लागत नसेल तर गाडी दारातून काढायची नाही, मग देशाचा प्रधान वाट बघत असला तरी.

तिने पॅडल दाबलं. "लागला?"

"नाही."

"आता?"

"नाही गं!"

तेव्हा तिचं लक्ष वर गेलं. दार सताड उघडं होतं, आणि छतातला दूधउजेड कुठल्या कुठे पळाला होता. घड्याळही मिटलेलं.

स्टिअरिंगखालचं फ्यूजचं झाकण तिने काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला आकृती होती. आतले दिवे, घड्याळ, चार्जरचं सॉकेट आणि ब्रेकचे दिवे, सगळं बिऱ्हाड एकाच फ्यूजवर. जुनी गाडी, दुसरं काय! फ्यूज उपसून बघितला तर आतली तार जळून तुटलेली. झाकणात दोन जादा फ्यूज खोचलेले होते. त्यातला एक तिने बसवला.

टप्प.

बसायचा अवकाश, तोही गेला.

एव्हाना वरच्या गॅलरीत शेजारचे काका प्रगट झाले होते. गल्लीत त्यांना सगळे सल्लागारकाका म्हणत. त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ती पदवी वाटायची.

"काय झालं सूनबाई?"

"फ्यूज जातोय, काका."

"जाणारच! चांगली चाललेली गाडी, तिला नसते दागिने घालायचे कशाला? आता टॅक्सी बोलवा सरळ. तो काय तुमचे दिवे बघायला येतोय?"

तिला कानकोंडं झालं. कारण मनातून तिलाही तेच वाटत होतं. आपणच केलं हे. कुठेतरी तार चेपली, नाहीतर पट्टी उलटी बसली. तिने झाकणातला दुसरा फ्यूज घाईघाईने उपसला आणि खाचेत लावणार, तोच सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"शेवटचा आहे ना तो?"

"हो."

"मग शेवटची सुई अशी मोडतात का? आधी चूक शोध, मग शीव."

ती थबकली. आणि तिने कपाळावर हात मारला. टिचू होण्याआधी ती इस्त्र्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसायची. दिवसभर हेच काम. शंकेची इस्त्री आली की ती सरळ विजेला जोडायचीच नाही, मध्ये एक दिवा घालायचा. आत कुठे तारेला तार चिकटली असेल तर दिवा भगभगून पेटतो, बाकी काही जळत नाही. नवरा यायच्या आनंदात ती आपली विद्याच विसरून बसली होती! कारखान्यात असे दोन फ्यूज उडवले असते तर साहेबांनी तिच्याच पगाराला चटका दिला असता.

"आई, शिवणाच्या डब्यात वायरचा तुकडा आहे का हो?"

"माझ्या डब्यात काय नाही ते विचार."

खिशातला जुना पिवळा बल्ब बाहेर आला. मघाशी ज्याला नाकं मुरडून काढलं होतं तोच. दोन्ही टोकांना तिने वायरचे तुकडे गुंडाळले आणि त्यांची दुसरी टोकं फ्यूजच्या खाचांत खोचली. बल्ब रसरसून पेटला.

"लागला, लागला!" सासूबाईंनी टाळी वाजवली.

"लागायला नकोय तो! हा पेटलाय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. तो विझला की समजायचं, सापडलं."

"म्हणजे दिवा लागला की रडायचं आणि गेला की हसायचं? उलटाच कारभार तुमचा."

तिने पुढच्या दिव्याचं झाकण काढलं, नवी पट्टी उपसली आणि खाली बल्बकडे बघितलं. तसाच पेटलेला. मागची पट्टी काढली. तसाच. आता दोन्ही पट्ट्या तिच्या हातात होत्या आणि छताची खोबणी रिकामी होती, तरी तो बल्ब आपला ढिम्म पेटून बसलेला.

तिला आधी कळेचना. मग उकळी फुटावी तसा आनंद वर आला. "आई! माझे दिवे नाहीत! माझी चूकच नाही ही! काका, ऐकलंत का? दिव्यांनी काही केलेलं नाही!"

"मग टॅक्सी बोलवू?" वरून आवाज आला.

आनंद खरा, पण उन्हं उतरायला लागली होती. दिवे नाहीत, तर मग काय? ब्रेकची वायर म्हणजे पार मागपर्यंत गेलेली. ती उसवत बसलं तर तो घरी येऊन जेवून झोपेलसुद्धा.

"हे बघ," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मांडी ठोकली तीही अशी, की आता कामाचं बोलायचंय. "कपडा बिघडला की मी शेवटच्या टिपेपासून उसवते. पहिल्यापासून नाही. दिवे लावलेस तेव्हा लागले होते. मी डोळ्यांनी बघितलं, सुईत दोरा ओवला त्या उजेडात. मग त्यानंतर तू काय केलंस?"

"काही नाही. हात धुवायला गेले."

"मग तुझी टीप शेवटची नव्हेच. तू गेल्यावर इथे कोण होतं?"

"तुम्ही."

"मी शिवत होते. चष्मा नाकावर, मान खाली. आणि..."

दोघींनी एकदमच वळून बघितलं. टिचू गाडीच्या पायरीशी बसून, जीभ बाहेर काढून, अत्यंत मन लावून, आजीचं दोऱ्याचं रीळ सीटबेल्टच्या खाचेत घुसवत होती.

"टिचे," सासूबाई हळूच म्हणाल्या, "आजीची टोपी कुठंय गं?"

टिचूने वर बघितलं. विचार केला. मग फार मोठं गुपित फोडावं तसं एक बोट उचलून गिअरच्या पुढे दाखवलं.

तिथे चार्जरचं सॉकेट होतं. चार्जर सकाळी गाडी झाडताना टिचूच्या आईनेच काढून ठेवला होता. सॉकेट रिकामं होतं. म्हणजे रिकामं वाटत होतं. तिने फोनचा टॉर्च आत मारला. तळाशी पितळ चमकलं. अंगुस्तान आत बसलं होतं, जणू त्याच्याच मापाने सॉकेट बनवलं होतं. बूड तळाच्या टोकाला, अंग कडेला. यापेक्षा पक्का शॉर्ट तिला कारखान्यात बक्षीस लावूनही करता आला नसता.

"पकड आणते," ती म्हणाली.

"कशाला पकड? माझ्या बोटाची वस्तू आहे ती. शॉक लागेल का?"

"नाही हो, गाडीची वीज आहे. आणि मध्ये बल्ब आहे."

सासूबाईंनी बांगडी मागे सारली आणि मधलं बोट सॉकेटात घातलं. टोपी बोटात बसली. चाळीस वर्षं बसत आली होती तशीच. जरासा पीळ दिला आणि बोट बाहेर काढलं, तर टोपीसकट!

आणि खाली, स्टिअरिंगपाशी, बल्ब विझला.

"गेला!" ती किंचाळली. "आई, गेला, गेला!"

"गेला एकदाचा!" सासूबाईंनी टोपीचं बोट हवेत नाचवलं. टिचूला कशाचं काय कळलं देव जाणे, पण तीही दोघींच्या मध्ये गुडघ्यांतून उड्या मारू लागली. "गेऽऽला! गेऽऽला!"

"दिवा गेला?" गॅलरीतून हळहळ आली. "मी म्हणत नव्हतो?"

"हो काका! तुमच्या तोंडात साखर पडो!"

काका बराच वेळ कठड्याशी उभे होते. एवढं दुःख या बायका इतक्या आनंदाने कसं घेतात, हे त्यांना उमगेना.

मग सगळी धांदल. बल्बच्या वायरी सोडवल्या. शेवटचा फ्यूज श्वास रोखून बसवला, आणि तो राहिला. पट्ट्या परत लावल्या, तर पुढची लागली आणि मागची लागेना. पण आता ती शुद्धीवर होती. पट्टी काढून टोकं उलटी केली, तशी तीही लख्ख. ब्रेक दाबला. मागून सासूबाई ओरडल्या, "दोन्ही लागले! लालभडक!" चार्जर सॉकेटात गच्च बसवला. जुना बल्ब तिने कचऱ्यात टाकला नाही, पुढच्या कप्प्यात ठेवला. मग टिचूला तिच्या सीटवर बांधलं, नवं कव्हर टाचण्यांसकट बाजूला ठेवलं आणि गाडी गल्लीबाहेर काढली.

बंदराच्या रस्त्यावर तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. शेजारी सासूबाई बोलत होत्या. "हळू. ट्रक आहे. गेला. छान. आता जा."

गेटासमोर गाडी लावली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. माणसं बॅगा ओढत बाहेर पडत होती. तो दिसला. दाढी, खांद्यावर पिशवी, मान टॅक्सीच्या रांगेकडे वळलेली. तिने हॉर्न दिला. त्याने बघितलं, मान परत वळवली, आणि मग गर्रकन पुन्हा बघितलं.

"आई, तू आलीस?" तो धावत येऊन म्हणाला. "गाडी कुणी आणली?"

"अंघोळ करत होती ती, तिने," सासूबाई म्हणाल्या.

त्याचं तोंड उघडं ते उघडंच. मग सवयीने तो ड्रायव्हरच्या दाराकडे वळला.

"मागे," ती काच खाली करून म्हणाली. "लेकीशेजारी बस."

त्याने मागचं दार उघडलं आणि गाडीभर दूधउजेड सांडला. त्या उजेडात तो आत बसला, दाढीसकट, थकलेल्या डोळ्यांसकट. दार लोटलं, तसा तिने छतावरचा खटका दाबून दिवा चालूच ठेवला. टिचू बघत राहिली. तिचा खालचा ओठ थरथरला. आई आरशातून बघत होती.

टिचूने हात पुढे केला, बाबाच्या गालावर बोट ठेवलं आणि सरकवलं, फोनवर सरकवायची तसं.

तो गेला नाही.

तिने पुन्हा सरकवलं, या वेळी अख्ख्या तळव्याने. दाढी टोचली असणार, कारण ती दचकली. मग खुदकन हसली, आणि आजीच्या डब्यातून कधी उचलली होती कोण जाणे, मुठीतली एक गुंडी काढून त्याच्या कानात घालू लागली.

"ओळखलं," सासूबाई पुढे बघत म्हणाल्या, आणि टोपीच्या बोटाने त्यांनी हळूच डोळा पुसला. "चल गं आता. ब्रेकवरचा पाय काढ."