रविवारचा फोन

भिंगरीने मला पाठीवरूनच ओळखलं. सुट्टीचा दिवस होता, तरी मी दुकानाच्या दारात बसून एका खुर्चीची बैठक वेताने विणत होते. मागून आवाज आला, "अजून तीच खुर्ची?"

भिंगरी म्हणजे माझी जुनी सोबतीण. पाठीला पिशव्या अडकवून आम्ही दोघींनी कुठले कुठले देश पालथे घातले. तिच्या पायाला भिंगरी होती, म्हणून हे नाव. या गावात आलो तेव्हा मी मात्र दमले. दुकानावरची खोली भाड्याने घेतली, वेतकाम शिकले आणि राहिले. एक बैठक विणायला आठवडा जातो आणि गिऱ्हाईकही घाई करत नाही. मला तर असंच हवं होतं. दोन वर्षांपूर्वी ती मायदेशी परतली. आपल्याकडे कोणी जाणारं दिसलं की त्याच्या गळ्यात काहीतरी मारायचंच, तशी मी तिच्या पिशवीत आईसाठी लोकरीची शाल कोंबली होती.

तिला अशी अचानक दारात बघून मला आनंद मावेना. वर नेलं, चहा केला, तोंडाचा पट्टा सोडला. ती मात्र कपाला हात लावेना. शेवटी तिने पिशवीतून शाल काढली. वरची सुतळी मीच बांधलेली, गाठसुद्धा तशीच.

"घराला कुलूप होतं गं," ती म्हणाली. "शेजारच्या काकूंनी सांगितलं, मी पोचायच्या आधीच आई गेल्या. तुझा नंबर कोणाकडेच नव्हता, माझ्याकडेही नाही. यायला मला धीर होईना."

मी हसलेच. म्हटलं, बाई, तू भलत्याच दारात गेली असशील. आईचा फोन दर रविवारी दुपारी येतो. शाल मिळाली, चांगली उबदार आहे, असं तिनेच मला सांगितलं. दर वेळी तेच ते विचारते: जेवलीस का, खोकला कसा आहे, येणार कधी. मी म्हणते, पुढच्या वर्षी.

भिंगरी वाद घालणाऱ्यातली, पण या वेळी वाद न घालता तिने शाल माझ्या मांडीवर ठेवली. जगात मला आईशिवाय कोणी नाही, आणि खरं सांगते, तेव्हा मला रडू नाही आलं. एवढंच वाटलं की आई असो वा नसो, तिचा फोन तेवढा बंद पडू नये.

तेवढ्यात तो वाजला. रविवारच होता.

"जेवलीस का?" आईने विचारलं. मी हो म्हटलं. आवाज तिचाच, जरासा बसलेला. मग ती घुटमळली.

"एक सांगू? तुला वाईट वाटू नये म्हणून शाल मिळाली म्हणाले होते. तुझी मैत्रीण आली होती गं. मी दार उघडून उभी, ये म्हणाले, तर ती माझ्याकडे न बघता शेजारी निघून गेली. फार लागलं मला. मी काय वाईट केलं होतं तिचं?"

इतके दिवस ती हे एकटीच मनात घेऊन बसली होती. माझ्याने ऐकवेना.

"अगं आई, तिने मुद्दाम नाही केलं," मी म्हणाले. "तू तिला दिसलीच नाहीस."

बोलले आणि जीभ चावली. भिंगरीने माझा दंड घट्ट धरला.

"असं होय," आई म्हणाली, अगदी सावकाश. "तरीच माझ्याशी कोणी बोलत नाही."

पुढच्या रविवारी मी सकाळपासून फोनजवळ बसले. संध्याकाळी भिंगरीने दिवा लावला आणि म्हणाली, आता दोन घास खाऊन घे.