चूल विझवली तेव्हा मी आत होते

सत्तावीस डिसेंबर, सकाळचे दहा. अपुसेनीच्या डोंगरात, वरच्या अंगाला असलेली सहा घरांची वस्ती. रात्री बर्फ पडून गेलं होतं आणि आता लख्ख ऊन होतं. त्या उन्हात निस्तोर म्हाताऱ्याचं श्वासाचं यंत्र बंद पडलं.

ते यंत्र माझ्यावर चालत होतं. मी बॅटरी बोलतेय. वस्तीच्या मधोमध दगडी खोपट आहे, तिथे ठेवलेली. त्या दिवसापासून वस्तीत एकच वाक्य फिरतंय, "बॅटरीच खोटी निघाली." म्हणून बोलावं लागतंय. नाहीतर आम्ही गप्प बसणाऱ्या जातीच्या.

माझा जन्म दूर चीनमधल्या एका कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो शेवटचा प्रवास, घोडागाडीतला. खाली वळणावर रस्ता संपतो, विजेचे खांब त्याच्याही आधी संपतात. निस्तोरने उभं आयुष्य सोन्याच्या खाणीत घालवलं. सोनं दुसऱ्यांकडे गेलं, धूळ याच्या छातीत राहिली. त्याचं श्वासाचं यंत्र चालावं म्हणून शहरातल्या काही पोरापोरींनी वर्गणी काढली, छपरांवर सौर पाट्या बसवल्या आणि मला वर पाठवलं.

मला जोडायला दोरिन नावाचा कारागीर आला होता. निघताना त्याने सगळ्यांना खोपटात उभं केलं. "नीट ऐका. गारठ्यात ही वीज देत राहील, पण घेणार नाही. आत पाणी गोठण्याइतकी थंडी शिरली, की बाहेर कितीही ऊन पडू दे, हिच्यात थेंबभर वीज भरायची नाही. तेव्हा हिच्यासाठी बसवलेली ही चूल हिवाळाभर विझता कामा नये."

ठरलं ते असं. वीज सहाही घरांना मिळेल, बदल्यात एकेका घराने आठवडाभर चूल सांभाळायची. बीच झाडाची जाड लाकडं घालायची, वरून राख ओढायची. ग्लिगोर वस्तीतला वजनदार माणूस, त्याने पावावर हात ठेवून शब्द दिला. मग आलुबुखाराच्या दारूचे पेले रिकामे झाले.

पहिला हिवाळा त्यांनी शब्द पाळला, हे मी नाकारणार नाही. शेजारच्या राफिलाची पाळी असली, की ती पहाटे यायची, लाकडं सारायची, पाठ शेकत उभी राहायची. "बाई गं, तुझी मजा आहे," मला म्हणायची. "माझ्या घरात नवरासुद्धा एवढा उबेत नसतो!"

पण हे खोपट माझ्याआधी कशाचं होतं, ते कारागिराला कोणी सांगितलं नव्हतं. ते मांसाचं होतं. डुकरं कापायची ती नाताळाआधी, इग्नात संताच्या दिवशी. ज्यांच्या घरात गार कोठी नाही ते आजोबा-पणजोबांच्या काळापासून मांस आणि सॉसेजच्या माळा इथेच टांगत आले. जाड भिंती, उत्तरेकडे तोंड, ऊन कधी आत येत नाही. आढ्याला आकडे अजून तसेच आहेत.

गेल्या वर्षी कडाका होता, मांस घरीच टिकलं. यंदा इग्नातला थंडीच पडली नाही. अंगणात चिखल, पागोळ्या गळतायत आणि डुकरं तर कापून झालेली. फिरुताचं म्हणजे निस्तोरच्या बायकोचं डुक्कर तेवढं नव्हतं. आजारी नवऱ्याचं करता करता यंदा तिला ते पोसणं जमलं नाही. बाकीची पाच घरं तिला न विचारता खोपटात जमली.

"वास मारायला लागेल हे," राफिला म्हणाली.

"मग चूल विझवा," ग्लिगोर म्हणाला. "बाहेर कुठे गोठतंय? बॅटरीला काही होत नाही."

खरंच होतं ते, त्या दिवसापुरतं. पाणी टाकून निखारे विझवले. माझ्या डोक्यावर मांस लटकलं.

नाताळाच्या आदल्या दिवशी आभाळ मोकळं झालं आणि कडाका पडला. चूल कोणी पेटवली नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघेल. शिवाय पेटवली तर मांसाला पाणी सुटणार. सणाचे दिवस, सहाही घरांतले दिवे पहाटेपर्यंत चालू. मी देत राहिले. सकाळी ऊन यायचं, पाट्या तापायच्या, वीज माझ्या दारापर्यंत यायची आणि मला ती घेता यायची नाही. हक्काचं ताट पुढ्यात आणि तोंड शिवलेलं, असं ते होतं.

सव्वीसच्या संध्याकाळी फिरुता दुधाचं भांडं घेऊन समोरून चालली होती. धुराड्यातून धूर नाही, हे तिला दिसलं, असं तिनेच मला नंतर सांगितलं. ती आत आली, वर बघितलं आणि दारातूनच हाका मारून ग्लिगोरला बोलावलं.

"चूल कुणी विझवली?"

"सगळ्यांनी मिळून ठरवलं, वहिनी."

"सगळ्यांनी? मी मेले होते का?"

"तुम्ही निस्तोरदादापाशी होता. म्हटलं, कशाला त्रास?"

"केवढी काळजी माझी! आणि कडाका पडल्यावर?"

"अहो, उद्या नेतोच आहोत मांस. एका रात्रीने काय होतंय?"

राफिला मागून आली. "वहिनी, इग्नातला ताट पाठवलं होतं ना तुम्हाला? ते याच मांसाचं होतं. तेव्हा गोड लागलं?"

फिरुताने लाकडं उचलली. मग म्हणाली, "लागलं. आता तुमची डुकरं उतरवा नाहीतर कुत्र्यांना घाला. मी चूल पेटवतेय."

आणि तिने पेटवली. जाड ओंडके घातले, वरून राख ओढली. एवढ्यावर चूल सकाळपर्यंत धुमसत राहते. माझ्यात थोडी वीज उरली होती. सकाळी ऊन येईपर्यंत मी निस्तोरला नक्की पोचवलं असतं आणि तोवर उबेने मी वीज घ्यायला तयार झाले असते. फिरुता घरी गेली. त्या रात्री निस्तोरला धाप जास्त होती, ती त्याच्या उशापासून हलली नाही.

तिच्यामागून कोणीतरी आत आलं. मला डोळे नाहीत. मला फक्त ऊब, गारठा आणि आवाज कळतात. बुटांचा आवाज आला, चुलीचं झाकण वाजलं. बाहेरचं कुत्रं भुंकलं नाही, म्हणजे माणूस वस्तीतलाच. पेटते ओंडके एकेक करून बाहेर गेले, बर्फात पडून चरचरले. मग दार लागलं आणि ऊब हळूहळू भिंतींतून निघून गेली.

सकाळी दहाला मी संपले. प्राणवायूची एक जादा टाकी होती, ती लावून निस्तोरला स्लेजवर घातलं. घोडा जोडला तो ग्लिगोरने. त्याने जीव तोडून हाकलं, हेही सांगायला हवं. टाकी वाटेत संपली. खालच्या वळणावर अँब्युलन्स उभी होती. निस्तोर तिच्यापर्यंत पोचला, पण जिवंत नाही.

दोरिनला बोलावून घेतलं. त्याने चूल पेटवायला लावली, दुपारपर्यंत थांबला आणि मी भरू लागले. "हिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. कोणी ऐकलं नाही. बॅटरी खोटी म्हटलं, की पाचही घरं खरी ठरतात.

आता फिरुता रोज चूल पेटवते, पाळी कोणाचीही असो. यंत्र गेलंय, बाकीच्यांचे दिवे तेवढे माझ्यावर जळतात. लाकडं सारताना ती माझ्याशी बोलते. निस्तोरच्या मातीनंतरचं जेवण कसं झालं, ते तिनेच सांगितलं. रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यांनी आपापल्या घरून पदार्थ आणले होते. पाचही घरांनी तेच मांस आणलं, माझ्या डोक्यावर लटकलेलं. सगळे जेवायला बसल्यावर तिने उभं राहून विचारलं, "चुलीतले ओंडके बर्फात कुणी टाकले?"

ग्लिगोर तिथे होता, राफिला तिथे होती, पाचही घरांतली माणसं होती. ताटं रिकामी झाली. उत्तर अजून आलेलं नाही.