साखर दिसायची, मीठ नाही

मी एक जुनी परीक्षानळी आहे, मित्रांनो. काचेची, बोटभर जाडीची. माझ्या पोटात आयुष्यभर काय ओतलं गेलं ते जेवताना वाचू नका.

१९६३ साली मी बोईसरला डॉक्टर कमलाकांतांच्या दवाखान्यात आले. निळं औषध, त्यात आठ थेंब लघवी, खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा होत विटकरी झाला तर भरपूर. लोक माझ्याकडे देवाचा कौल बघावा तसे बघत. माझं फार कौतुक झालं.

एकनाथ तांडेल तारापूरहून येई. होडीचा मालक. मधुमेह जुना, इन्सुलिनची सुई एक दिवस घेई, दोन दिवस विसरे. बायको जमना सुकी मासळी विकायची. त्याच्यासाठी मी दर वेळी विटकरी.

"साखर लघवीवाटे पाणी ओढते," डॉक्टर म्हणाले, "आणि पाण्याबरोबर रक्तातले क्षार जातात. मीठ जातं, पोटॅशियम जातं. त्या पोटॅशियमवर काळीज चालतं."

जमनाने त्यातलं एकच ऐकलं. "मीठ? डाक्टर, आमच्या दारात मिठाचा ढीग हाय. तुमाला पायजे तं टोपलीभर धाडते!"

"मंग मलाच खारव आता," एकनाथ म्हणाला. "बोंबलासारखा टिकेन."

दवाखाना हसला. डॉक्टरही हसले. मला हसता येत नाही.

महिन्याभराने एकनाथला ताप आला, उलट्या लागल्या, जेवण सुटलं. जमनाने विचार केला, जेवत नाही तर साखर येणार कुठून? तिने सुई बंद केली. मीठ मात्र जातंय, म्हणून खारवलेल्या मासळीचं पाणी पाजत राहिली. अगदी मनापासून. तिसऱ्या दिवशी त्याला बैलगाडीतून आणलं, तेव्हा तो खोल खोल श्वास घेत होता.

मी विटकरी झाले.

"जमनाबाई, आजारपणात सुई बंद करायची नसते हो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी सुई दिली, सलाईन लावलं, मुंबईला न्यायला गाडी मागवली. "सुईने साखर उतरेल, पण रक्तातलं पोटॅशियमही उतरेल. ते मोजायचं साधन इथे नाही." पोटॅशियमसाठी नारळपाणी चमच्याने दिलं. ते उलटीत परत आलं.

दुपारी मी पिवळी झाले. संध्याकाळी हिरवी. जमनाला रंग वाचता येत होते. मला हातात धरून ती आत धावली. "अवो, उठा! हिरवी झाली, बघा!"

डॉक्टर एकनाथच्या छातीवरून हात काढत होते. काळीज थांबलं होतं. गाडी अजून यायची होती.

माझी चूक नव्हती. मला साखर दिसते, क्षार दिसत नाहीत. हे मी बऱ्याच वर्षांपासून स्वतःला सांगते.

मित्रांनो, शेवटी 'मला जपा' असं म्हणायची आमच्यात पद्धत आहे. माझ्या काठाचा टवका उडालाय, राहू द्या. घरात कुणी सुई घेत असेल आणि आजारपणात जेवत नसेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि मी हिरवी झाले तर लगेच धावू नका. आधी माणसाकडे बघा.